मागे पडलेला आवाज

६ जानेवारी, सोमवार

नवी वही, नवं गाव, नवी नोकरी. तिन्ही एकाच दिवशी सुरू झाल्याचा फार आनंद झालाय. सकाळी पुण्याहून एसटीने निघाले, दुपारी माळीवाड्याला उतरले. रिक्षावाल्याला सावेडी म्हटलं तर सावेडीत कुठे, असं त्याने तीनदा विचारलं. खरंच बरीच पसरलीय सावेडी. बंगले, फ्लॅट, शाळा, आणि शाळा सुटलेली असल्याने स्कूटरवाल्या आयांची ही गर्दी.

संग्रह एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. श्रीमंत सर स्वागताला फाटकापर्यंत आले. निवृत्त प्राध्यापक; चाळीस वर्षं जिल्हाभर फिरून बायकांची गाणी गोळा केली त्यांनी. हळदीची, डोहाळ्यांची, खुरपणीची. कपाटंच्या कपाटं भरून कॅसेटी आहेत. पुढच्या महिन्यात पुढच्या दालनात 'ऐकण्याची खोली' उघडायची आहे. माणसाने यावं, पडद्यावर गावाचं नाव दाबावं आणि त्या गावची बाई समोर बसून गातेय असं वाटावं. त्यासाठी मला बोलावलंय. आठ वर्षं पुण्यात स्टुडिओत काढली, पण कायम दुसऱ्याच्या हाताखाली. इथे दारावर 'ध्वनी अभियंता' अशी पाटी आहे आणि तिच्याखाली माझं नाव. पंकजा देवढे. आईला लगेच फोटो पाठवला.

तिसरे खाजाभाई. साठीचे असतील. तीस वर्षं लग्नांत आणि उरुसांत लाउडस्पीकर लावले, आता इथली सगळी वायरिंग त्यांच्याकडे. आलं ठेचून घातलेला चहा दिला. माझी राहायची सोय वरच्याच मजल्यावर आहे. खिडकीला शेवग्याचं झाड लागून आहे, फांद्या गजातून आत येतात. मजा आहे.

११ जानेवारी, शनिवार

आज मुख्य घड्याळ बसवलं. सरांना काही कळेना की गाण्यांच्या खोलीत घड्याळ कशाला. मग मी फळ्यासमोर उभं राहून शिकवते तसं सांगितलं. संगणकात आवाज नसतो, आकडे असतात. एका सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार. ते कन्व्हर्टर नावाच्या पेटीत जातात आणि तिथून आवाज होऊन स्पीकरमध्ये येतात. प्रत्येक आकड्याने आपापल्या क्षणालाच बाहेर पडायचं असतं, आणि तो क्षण स्फटिकाचं बारकं घड्याळ ठरवतं. आकडा बरोबर असला तरी क्षण पुढेमागे झाला की स्वर थरथरतो, खरखरीत होतो, फार चुकलं तर तडतडतो. दोन पेट्या दोन वेगळ्या घड्याळांवर चालल्या तर एकीचं घड्याळ हळूहळू मागे पडत जातं आणि सगळाच विचका होतो. म्हणून एकच घड्याळ सगळ्यांना वेळ देणार, आणि प्रत्येक पेटीच्या मागचा खटका 'बाहेरचं घड्याळ' या खुणेवर ठेवायचा.

खाजाभाई म्हणाले, म्हणजे स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग असते तसं. माल चांगला असला तरी एका बाईचा हात उशिरा पुढे आला की घमेलं खाली. मी म्हटलं, अगदी तसंच. सरांनी त्यांच्या मित्राला फोन करून माझं कौतुक केलं. मी शेजारीच उभी होते, तरी 'पुण्याहून फार जाणकार मुलगी मिळालीय' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मला दोन्ही वेळा आवडलं.

१८ जानेवारी, शनिवार

रंगुबाई आल्या होत्या. कर्जतच्या पुढे एक वाडी आहे, तिथल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली. त्या पट्ट्यात रंगुबाईंनी पहिलं गाणं म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, असं सर सांगतात. सोबत त्यांची सून रोहिणी होती. पहिल्या एसटीने निघालेल्या दोघी. रंगुबाईंच्या नव्या हिरव्या लुगड्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

पाऊण तास गायल्या. मी काचेच्या पलीकडे होते, कानांवर थेट माइकला जोडलेले हेडफोन. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी तो आवाज स्वच्छ ऐकला. जाडसर, खालच्या पट्टीतला, कुठेही न हललेला.

मग सर म्हणाले, आता त्यांना त्यांचं गाणं ऐकवू. ऐकण्याच्या खोलीत सगळे बसले. सर, त्यांचे दोन मित्र, खाजाभाई, रोहिणी, आणि मधल्या खुर्चीत रंगुबाई. स्वतःचा आवाज त्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार होत्या. मी गाणं लावलं.

आवाज कापत आला. प्रत्येक स्वर थरथरत होता, कडेला खरखर, मधूनच तुटल्यासारखा. आजाऱ्याने अंथरुणातून हाक मारावी तसा. रंगुबाई स्पीकरकडे बघत राहिल्या.

"ह्यो माजा आवाज हाय?"

सरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, यंत्राचं तर काही नाही ना. सगळेच माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही सर, यंत्र नवंकोरं आहे." आणि रंगुबाईंकडे वळून, वर हसून म्हटलं, "वय झालं की होतं असं, आजी. आवाज कापायला लागतो. आपला आपल्याला कळत नाही."

"व्हय?" त्या म्हणाल्या. जरा वेळाने रोहिणीला विचारलं, "मंग लोकं मला कदी बोलली कशी न्हाईत गं?"

पदर तोंडावर घेतला तो घेतलाच. चहा तसाच ठेवून गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

खोली बंद करून कन्व्हर्टर पुढे ओढला. मागचा खटका 'आतलं घड्याळ' वर होता. काल सकाळी तपासणी करताना मीच फिरवला होता आणि परत फिरवायला विसरले. संगणक एका घड्याळावर चालला होता, कन्व्हर्टर दुसऱ्या. खटका फिरवून तेच गाणं लावलं.

स्वच्छ. जसं माइकमधून ऐकलं होतं तसंच. आकडे सगळे बरोबर होते, त्यांची बाहेर पडायची वेळ तेवढी चुकत होती.

मी ते गाणं शेवटपर्यंत ऐकू शकले नाही. सरांना फोन करायला हवा, हे कळत होतं. रोहिणीचा नंबरही वहीत आहे. पण काय सांगायचं? की जाणकार मुलगी खटका विसरली? विसरणं एक वेळ ठीक आहे. पण मी कानांनी खरं ऐकलं होतं आणि पाच माणसांसमोर एका बाईला सांगितलं की तुझा आवाज गेला. उद्या सांगेन.

२२ जानेवारी, बुधवार

सांगितलं नाही. आज सरांनीच विषय काढला. त्यांना चुटपुट लागलीय. म्हणाले, गाणं पुण्याच्या एका तज्ज्ञ मित्राकडे पाठवू, काही दुरुस्ती होते का बघू. तो ऐकेल तर पहिल्या ओळीतच ओळखेल की गाण्याला काहीच झालेलं नाही.

मी म्हटलं, बघते. वर येऊन दार लावलं, मग पुन्हा खाली गेले आणि फाइल पुसली. जोडीची प्रतही पुसली. सरांना सांगितलं, डिस्कचा तेवढाच भाग खराब झाला होता. त्यांनी विश्वास ठेवला. मलाच 'वाईट वाटून घेऊ नका' म्हणाले.

खाजाभाई दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी कन्व्हर्टर कुठल्या घड्याळावर होता, मॅडम? मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही तुमच्या वायरी सांभाळा, असं म्हणाले. वडिलांच्या वयाचा माणूस. ते मान हलवून गेले आणि थोड्या वेळाने नेहमीसारखा चहा आणून ठेवला.

२५ जानेवारी, शनिवार

नेवाशाकडची खुरपणीची गाणी तपासायला घेतली. पहिलंच कापत आलं. खटका पाहिला, बरोबर होता. केबल बदलली. कन्व्हर्टर बदलला. दुसरं गाणं लावलं, तेही कापतंय. सगळ्या बायका एकाच थंडीने काकडत गाताहेत असं वाटत होतं.

खाजाभाईंना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, सुरेख येतंय की. मी मीटरवर मोजून पाहिलं. घड्याळाचा काटेकोरपणा जसा हवा तसा. म्हणजे दोष पेटीत नाही.

दुपारी रोहिणीचा फोन आला. पण ती भांडायला बोलत नव्हती. चुलत नातीच्या हळदीत आत्या, म्हणजे सासूबाई, गायल्याच न्हाईत, असं सांगत होती. मागं भिंतीला टेकून बसल्या, पदर तोंडावर. बायकांनी आग्रह केला तर उठून गोठ्यात गेल्या. आता घरातही बोलत नाहीत, खुणेनं भाकरी मागतात. कर्जतला डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो गळा एकदम चांगलाय.

"ताई, तुमाला कळतं ह्याच्यातलं," ती म्हणाली. "आवाजावर काय औशद असतं का?"

तिचा आवाजही कापत होता. रडत असेल असं आधी वाटलं. पण ती रडत नव्हती.

मी म्हटलं, कोमट पाणी द्या.

कोमट पाणी द्या. हे मी म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

आता सगळ्यांचेच आवाज कापतात. सरांचा, भाजीवालीचा, फोनवर आईचा. नुसते यंत्रातले नाही, समोरचे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तपासणीत दोष नाही म्हणाले. तेसुद्धा कापऱ्या आवाजात.

आज आणखी एक. सर बोलत असताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ आधी मिटले. शेवटचा शब्द मग आला.

३१ जानेवारी, शुक्रवार

स्टीलची वाटी फरशीवर टाकून पाहिली. पडली, उसळली, कडेवर फिरली आणि आडवी झाली. मग आवाज आला. मोबाईलवर मोजलं. सव्वा सेकंद.

संध्याकाळी पुन्हा मोजलं. दीड.

घड्याळ मागे पडतंय. मी स्वतःच फळ्यापुढे उभी राहून सांगितलं होतं कसं होतं ते. खालच्या खोलीतलं प्रत्येक यंत्र एकाच घड्याळावर चालतंय. मी तेवढी नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सात सेकंद.

सकाळी दूध आणायला निघाले. रस्ता शांत होता म्हणून ओलांडला. टेम्पोचा आरसा खांद्याला घासून गेला. ड्रायव्हर मान बाहेर काढून माझ्याकडे बघत काहीतरी ओरडत होता, तोंड एवढं मोठं उघडलेलं, पण आवाज नाही. मी पलीकडच्या दुकानाच्या पायरीवर बसले, आणि मग कर्णकर्कश हॉर्न, ब्रेक, शिवी — रिकाम्या रस्त्यावर.

बोललेलंही उशिरा जातंय. दुकानदाराला पिशवी मागितली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तोंड मिटलं, वाट पाहिली. आणि मिटलेल्या तोंडातून माझा आवाज बाहेर आला. 'एक लिटर द्या.' तो एक पाऊल मागे सरला.

आवाज कापत होता. माझा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सहा मिनिटं. फोन बंद ठेवलाय. आईला मेसेज केला, घसा बसलाय. सरांना चिठ्ठी लिहिली, घसा बसलाय. आणखी एक खोटं, पण आता मोजत नाही.

सरांनी मध आणि काढा वर पाठवला. सोबत चिठ्ठी. रंगुबाईंच्या जागी उद्घाटनाला राहुरीकडच्या बाईंचं गाणं घेतोय, तुम्ही काळजी करू नका, तुमचा काय दोष.

तुमचा काय दोष. ते तीन शब्द वाचून मी भिंतीकडे तोंड करून बसले. हे कशामुळे होतंय ते मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. उद्या कर्जतला जाणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

कर्जतहून परत. आजच लिहायला हवं.

वाडीत पोहोचले तेव्हा रंगुबाई ओट्यावर हरभरा सोलत होत्या. ज्वारी काढणीला आलेली, घरची माणसं रानात, फक्त रोहिणी घरी. ताई आल्या म्हणून तिने लगबगीने सतरंजी टाकली. रंगुबाईंनी मला पाहिलं आणि पदर तोंडावर घेतला. माझ्यापासून लपवत होत्या. आवाज.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. खटका मी विसरले. तुमचा आवाज मी स्वच्छ ऐकला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. चारचौघांत माझं हसं होईल म्हणून खोटं बोलले. नंतर गाणंही पुसलं. सगळं. पाय धरले.

मला माझा एकही शब्द ऐकू आला नाही. उशिरा जातो हे माहीत होतं, तरी वाटलं, निदान हे त्यांना लगेच पोहोचेल. वर पाहिलं तर रोहिणी गोंधळलेली. तिने माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, जोरात. रंगुबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत — कीव होती. त्यांना वाटलं, हिचाही गेला.

त्यांनी माझ्या ओंजळीत सोललेले हरभरे घातले.

किती वेळ थांबायचं ते कळेना. मोजायची हिंमत झाली नव्हती. रोहिणी पाणी देत होती, बसा म्हणत असावी. ह्या दोघी बघत असताना मिटल्या तोंडातून आवाज बाहेर येईल, त्या घाबरतील, याचीच लाज वाटली. खरं सांगायला गेलेली मी त्या लाजेनेच उठले. कागद-पेन पिशवीत होतं. ते काढलं नाही. का नाही काढलं?

एसटी मिरजगावला थांबली असताना सुरू झालं. गाडी भरलेली. माझं तोंड मिटलेलं, ओठांवर रुमाल गच्च दाबलेला. आणि माझा आवाज, कापरा, मोठा — 'आजी, खटका मी विसरले.' शेजारची बाई वळली. पुढचे वळले. त्यांचा एकही शब्द मला ऐकू येत नव्हता, फक्त माझाच. 'तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.' कंडक्टर येऊन उभा राहिला. 'माझं हसं होईल म्हणून —' पहिल्यांदा सगळं, मग दुसऱ्यांदा, जोरात. एका म्हातारबाबांनी हात जोडले. शेजारच्या बाईने लेकराचे कान झाकले.

माफी अख्ख्या एसटीने ऐकली. जिची मागितली तिने नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पावणेतीन तास.

खोलीत बसून बाजार ऐकू येतो, रिक्षा ऐकू येतात. बाहेर गेले की खोलीतला पंखा ऐकू येतो. कालपासून तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही.

रोहिणीला पत्र लिहिलं. पहिलं लिहिलं त्यात 'यंत्रात बिघाड होता' असं आलं. फाडलं. दुसऱ्यात 'आमच्याकडून चूक झाली.' आमच्याकडून कोण? फाडलं. तिसऱ्यात 'मी.' तेच पुन्हा सरांसाठी लिहिलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवून वर पळून आले.

खाजाभाईंना कर्जतचं पत्र दिलं. त्यांच्यासाठीही दोन ओळी होत्या. त्यांनी पाकीट खिशात घातलं, मोटरसायकल काढली आणि लगेच निघाले.

८ फेब्रुवारी

सर वर आले. रागावले नाहीत. चष्मा हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिले. मग माझ्या वहीच्या कागदावर लिहिलं — मला त्याच दिवशी शंका आली होती. पाहुण्यांसमोर तुम्हाला खोटं पाडायला नको म्हणून गप्प बसलो. त्या बाईंचा विचार मीही केला नाही.

 

१० फेब्रुवारी

सहा तासांवर.

खाजाभाईंनी लिहून आणलं. पत्र रोहिणीने मोठ्याने वाचलं. रंगुबाईंनी तीनदा वाचायला लावलं. संध्याकाळी गोठ्यातून गुणगुण ऐकू आली. बुधवारी येतो म्हणाल्यात. पुन्हा गाणार.

मी गाठोडं बांधून पळून जाण्याचा विचार केला. खरंच केला. गेले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तेच हिरवं लुगडं.

रेकॉर्डिंग खाजाभाईंनी केलं. मला काय ऐकू येणार. मी फक्त खटका पाहिला. चार वेळा पाहिला.

त्या गायल्या. मला गळ्याची शीर दिसत होती, मीटरची पट्टी दिसत होती, भरीव, न हलणारी. माझ्या कानात पहाटेची कुत्री.

मग ऐकण्याची खोली. तीच खुर्ची. गाणं लावलं. रंगुबाईंचा पदर तोंडावर होता. हळूहळू खाली आला. त्या हसल्या. दात नसलेलं, पूर्ण तोंड उघडून. रोहिणी रडत होती. सर खिडकीबाहेर बघत होते.

मी दाराशी मान खाली घालून. त्या उठल्या, माझ्यापर्यंत आल्या. माझी हनुवटी धरली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. बराच वेळ. चेहरा दिसला नाही. गालावर श्वास लागला. रोहिणीने मान फिरवली. खाजाभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस.

त्या गेल्यावर खाजाभाईंपुढे वही धरली. काय म्हणाल्या? त्यांनी पेन परत दिलं. मान हलवली. कानाला बोट लावून दाखवलं. ज्याचं त्याने ऐकायचं.

पहाटे वाटी टाकली होती. आठ तास लागले आवाज यायला. म्हणजे त्यांचं बोलणं आठच्या आसपास.

त्याच दिवशी, सायंकाळी

सहा. जीपचं दार. रोहिणीच्या चपला. खाजाभाईंचं 'या आजी'.

कापत नाही. पहिल्यांदाच. सगळे आवाज स्वच्छ.

गाणं आलं. सगळं गाणं. मी भिंतीला धरून उभी. एवढा चांगला आवाज. एवढा — आणि मी.

आता गाणं दुसऱ्यांदा. स्पीकरमधून. तेही तसंच.

खुर्ची सरकली. पावलं. बांगड्या, अगदी जवळ.

श्वास घेतला त्यांनी. बोलायच्या आधीचा.

त्याच दिवशी

नऊ. श्वास अजून चालूच आहे. आत घेतलेला. पुढे काही नाही.

घड्याळ आणखी मागे पडतंय. मी सेकंदभर थांबले की तेही जवळजवळ तेवढंच मागे —

१३ फेब्रुवारी

सकाळ. तोच श्वास. डावा कान.

दुसरा आवाज नाही. पंखा नाही, रस्ता नाही. सर दार वाजवत असतील, दार हलतंय.

शिवी असेल. शिवीच असू दे. नाहीतर — नाहीतर ती माया, त्या हरभऱ्यांसारखी. ती मला सोसणार नाही.

१३, दुपार

वही कानाजवळ ठेवून लिहिते. आला की लगेच.

लांबत चाललाय. इतका सावकाश की —

१४

संपला. श्वास संपला.

ओठ सुटल्याचा आवाज. ओले. आता

पहिलं अक्षर

'प